सिडनी ऑपेरा हाउस: छप्पर कसं उभं राहिलं आणि कॉन्सर्ट हॉलमध्ये आवाज कुठे अडला?

वास्तुवेध

सिडनी ऑपेरा हाउसवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा संत्र्याच्या सालीवरून छत सुचल्याच्या गोष्टीपासून सुरू होतं आणि राणीच्या हस्ते उद्घाटनाशी संपतं. मधला सगळा भाग, म्हणजे प्रत्यक्ष बांधकाम आणि आतलं सभागृह, हातातून निसटतं. म्हणून इथे जाणकारांना चार नेमके प्रश्न विचारतो.

१. सगळी कवचं एकाच गोलातून कापली असं म्हणतात. त्याने बांधकामात नक्की काय सोपं झालं? दिसायला तर प्रत्येक कवच वेगळं आहे.

२. नाव ऑपेरा हाउस, पण मोठं सभागृह ऑपेराला नाही, वाद्यवृंदाला. हे कधी आणि का ठरलं?

३. कॉन्सर्ट हॉलच्या आवाजाबद्दल पहिल्यापासून तक्रारी होत्या. छताच्या त्या आकारामुळेच आवाज बिघडला का?

४. २०२२ मध्ये नूतनीकरण होऊन हॉल पुन्हा उघडला. नेमकं काय बदललं?

आकडे दिलेत तर फार बरं. 'भव्य', 'अद्वितीय' हे शब्द वाचून झालेत.

काँक्रीटकर

पहिला प्रश्न घेतो. बाकीचे इथले ध्वनिवाले सांगतील.

स्पर्धेचा निकाल २९ जानेवारी १९५७ ला लागला. २३३ प्रवेशिकांमधून डेन्मार्कच्या यॉर्न उत्झनची निवड झाली. त्याने दिलेली चित्रं म्हणजे मुक्तहस्ते काढलेल्या रेषा होत्या, त्यांना भूमिती नव्हती. भूमिती नाही म्हणजे गणित नाही, आणि गणित नाही म्हणजे साचाही नाही. अरुप कंपनीच्या अभियंत्यांनी आणि उत्झनने १९५७ ते १९६१ या काळात परवलय, लंबवर्तुळ असे डझनभर पर्याय करून पाहिले. प्रत्येक वेळी तीच अडचण आली: कवचाची वक्रता दर मीटरला बदलते, त्यामुळे एका जागेचं शटरिंग दुसऱ्या जागी चालत नाही. एवढ्या मोठ्या छताला प्रत्येक इंचासाठी वेगळा साचा करायचा तर काम संपलंच नसतं.

१९६१ मध्ये तोडगा निघाला. सगळी कवचं ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाच्या पृष्ठभागाचे तुकडे मानायची. गोलाची खुबी अशी की त्याची वक्रता सगळीकडे सारखीच असते. आता पृथ्वीगोलावरच्या रेखावृत्तांसारखी कल्पना करा. एका बिंदूतून निघून पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या रेषा, म्हणजे कवचाच्या बरगड्या. ध्रुवापासून अमुक अंतरावर प्रत्येक बरगडीची रुंदी आणि वाक तंतोतंत सारखाच. म्हणजे खालून तिसरा ठोकळा सगळ्या बरगड्यांना एकच, सातवा ठोकळाही एकच. उंच कवचाला जास्त ठोकळे लागतात, बुटक्याला कमी, एवढाच फरक. दिसताना प्रत्येक कवच वेगळं दिसतं ते गोलावरून वेगवेगळ्या जागी कापल्यामुळे.

असे एकूण २,१९४ प्रीकास्ट (आधीच साच्यात ओतून तयार केलेले) ठोकळे जागेवरच, बेनेलाँग पॉइंटवर, ओतले. एकेक ठोकळा साधारण साडेचार मीटर लांब. आडवा छेद पाहिला तर पायथ्याशी तो इंग्रजी 'टी' अक्षरासारखा निरुंद आणि भरीव असतो. वर जाता जाता तो रुंदावतो आणि 'वाय' सारखा उघडतो. आजही प्रवेशदालनात उभं राहून वर पाहिलं की हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. काँक्रीटवर प्लास्टर नाही, रंग नाही. खालून वर नजर नेत गेलं की एकेक सांधा मोजता येतो.

उभारणीची पद्धत अशी. जमिनीपासून सेंटरिंग बांधत आणण्याऐवजी लोखंडाची एक सरकती, लांबी कमी-जास्त करता येणारी कमान वापरली. ठोकळ्याचा एक अंग आधीच्या बरगडीवर टेकवायचा, दुसरा या कमानीवर. दोन ठोकळ्यांच्या मध्ये इपॉक्सी या चिकट रसायनाचा पातळ थर. ओल्या मसाल्याचा जाड सांधा ठेवला असता तर तो सुकेपर्यंत खोळंबा झाला असता, आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी चूक साठत जाऊन शेंड्याला बरगडी भलतीकडेच गेली असती. बरगडी पूर्ण झाली की आतून ओवलेल्या पोलादी केबल ताणायच्या, म्हणजे सगळे ठोकळे एकमेकांवर दाबून एकजीव होतात. मग कमान पुढच्या बरगडीखाली सरकवायची. छतात एकूण सुमारे ३५० किलोमीटर केबल आहे. ठोकळ्यांच्या जागा काढायला आणि ताण मोजायला अरुपने संगणक वापरला. त्या काळात इमारतीसाठी संगणक वापरणं फार नवं होतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. या कवचांना सगळे 'शेल' म्हणतात, पण अभियांत्रिकीच्या अर्थाने ती पातळ शेल नाहीत. अंड्याचं कवच जसं सगळ्या पृष्ठभागाने भार पेलतं तसं इथे होत नाही. इथे भार बरगड्या पेलतात, जुन्या गॉथिक चर्चच्या पंखेदार कमानींसारखा. आणि जड आहेत, फार जड. त्याचा फटका आधी बसला होता. राजकीय घाईमुळे जोत्याचं काम २ मार्च १९५९ ला सुरू केलं, तेव्हा छताची भूमिती ठरलेलीच नव्हती. पुढे छताचं खरं वजन कळलं तेव्हा जोत्यातले खांब अपुरे निघाले आणि ते तोडून नव्याने करावे लागले. या प्रकल्पातला सर्वांत महागडा धडा मला तरी हाच वाटतो. खांबाचा हिशेब वरून खाली येतो. वरचं ठरलं नसताना खालचं ओतायचं नसतं.

खर्ज

काँक्रीटकर, जोत्याबद्दल एक पुरवणी. सगळ्यांचं लक्ष शिडांसारख्या कवचांकडे जातं, पण मोठ्या पायऱ्यांखाली गाड्यांसाठी जो मोकळा भाग आहे त्यावरच्या तुळया बघायलाच हव्यात. जवळपास ५० मीटर अंतर, मध्ये एकही खांब नाही. तुळईचा छेद टोकापासून मध्यापर्यंत बदलत जातो, कारण तुळईतले ताण-दाबही तसेच बदलत जातात. खालून उभं राहून पाहिलं तर घडी घातलेल्या कागदासारखं दिसतं. उत्झनला मध्ये खांब नको होते, अभियंत्यांनी घडीचा छेद दिला. दोघांचं जमलं तेव्हा काय होऊ शकतं याचा तो नमुना आहे.

आता दुसरा प्रश्न. हे समजल्याशिवाय तिसऱ्याचं उत्तर लागत नाही.

मागणीच मुळात वाद्यवृंदाकडून आली होती. सिडनी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख संचालक (कंडक्टर) युजीन गूसेन्स हे १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून शहराला धड सभागृह हवं म्हणून मागे लागले होते. बेनेलाँग पॉइंटची जागाही त्यांच्याच मनात होती. तेव्हा तिथे ट्रामचा डेपो होता. राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जोसेफ काहिल यांनी ते मनावर घेतलं. स्पर्धेच्या अटींमध्ये दोन सभागृहं होती. मोठं ३,००० ते ३,५०० प्रेक्षकांचं, त्यात सिम्फनी, ऑपेरा, बॅले आणि मोठ्या सभा सगळंच व्हायचं होतं. लहान सुमारे १,२०० जणांचं, नाटक आणि छोट्या मैफिलींसाठी.

गडबडीचं मूळ या अटीतच आहे. ऑपेराला रंगमंचाच्या वर पडदे-सेट ओढून घ्यायला उंच मनोरा लागतो, बाजूला विंगा लागतात, आणि गाण्याचे शब्द कळायला हवेत म्हणून खोली कमी घुमणारी लागते. सिम्फनीला याच्या उलट: रंगमंच आणि श्रोते एकाच मोकळ्या खोलीत, आणि घुमणं, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, सुमारे दोन सेकंद. एकाच खोलीत दोन्ही करायचं म्हणजे यंत्रांनी खोली बदलायची. उत्झनने तसंच योजलं. ऑस्ट्रियात बनवलेली रंगमंचाची अवजड यंत्रणा मोठ्या सभागृहाखाली बसवूनही झाली होती.

१९६५ मध्ये राज्यात सरकार बदललं. बांधकाम मंत्री डेव्हिस ह्यूज यांनी उत्झनचे पैसे अडवले आणि २८ फेब्रुवारी १९६६ ला उत्झन बाहेर पडला. तो पुन्हा ऑस्ट्रेलियात कधीच आला नाही. तोपर्यंत कवचं उभी राहत होती, पण आतलं काहीच झालेलं नव्हतं. काम पीटर हॉल, लायोनेल टॉड आणि डेव्हिड लिटलमोर या स्थानिक वास्तुविशारदांकडे आलं, आतल्या रचनेची जबाबदारी पीटर हॉलकडे.

वाद्यवृंद ज्यांच्या ताब्यात होता त्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने, म्हणजे एबीसीने, स्पष्ट सांगितलं: २,८०० खुर्च्या आणि दोन सेकंदांचं घुमणं मिळत नसेल तर आम्ही इथे येत नाही. पीटर हॉलने अभ्यास करून शिफारस केली की मोठं सभागृह फक्त मैफिलींना द्यावं आणि ऑपेरा लहान सभागृहात न्यावा. सरकारने ते मानलं. बसवलेली यंत्रणा उखडून भंगारात गेली. मनोऱ्याची आणि रंगमंचाची जागा खोलीत सामील झाली, म्हणून आज वाद्यवृंदाच्या मागेही श्रोते बसतात. जिथे पडदे वर जाणार होते तिथे आता खुर्च्या आणि ऑर्गन आहे.

किंमत ऑपेराने मोजली. ऑपेराचं सभागृह, २०१२ पासून ज्याचं नाव जोन सदरलँड थिएटर आहे, साधारण १,५०० खुर्च्यांचं. वादकांचा खड्डा अरुंद आणि रंगमंचाखाली आत गेलेला, विंगा जवळपास नाहीत. सेट खालून लिफ्टने वर आणावे लागतात. विंगा नसण्याचं खापर मात्र पीटर हॉलवर फोडू नये. निमुळत्या जागेवर दोन सभागृहं शेजारी-शेजारी ठेवायची हे उत्झनचंच ठरलं होतं आणि सेट खालून आणायचे ही कल्पनाही त्याचीच.

वास्तुवेध

दोघांचेही आभार. सभागृहांची अदलाबदल इतकी उशिरा झाली हे माहीत नव्हतं. मग एक शंका: उत्झन राहिला असता तर एबीसीची मागणी पूर्ण झाली असती का?

कंपनसंख्या

तुमच्या शंकेचं उत्तर आधी. बहुधा नाही. उत्झनकडे बर्लिनचे क्रेमर आणि गाब्लर हे ध्वनितज्ज्ञ होते आणि बहिर्वक्र प्लायवुडच्या छतावर बरंच चांगलं काम झालं होतं. पण रंगमंचाचा मनोरा ठेवून उरलेल्या जागेत २,८०० माणसं बसवायची आणि घुमणं दोन सेकंद ठेवायचं, हे गणितातच बसत नव्हतं. का ते सेबाइनच्या सूत्रातून दिसतं: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. सभागृहात सर्वांत जास्त आवाज शोषतात ती माणसं आणि त्यांच्या गादीच्या खुर्च्या. माणसं वाढवली की भाजक वाढतो. काळ तोच ठेवायचा तर घनफळ त्याच प्रमाणात वाढवावं लागतं. ढोबळ नियम असा की सिम्फनीच्या हॉलला माणशी ८ ते ११ घनमीटर हवा लागते. मनोरा काढून टाकल्यावरच ते घनफळ मिळालं. आज कॉन्सर्ट हॉल सुमारे २५,००० घनमीटरचा आहे. उद्घाटनावेळच्या २,६७९ खुर्च्यांनी भागा: माणशी सव्वानऊच्या आसपास. अगदी योग्य.

म्हणून तिसऱ्या प्रश्नात एक गैरसमज आहे तो आधी दूर करतो. बाहेरच्या कवचांचा आवाजाशी थेट संबंध नाही. तुम्ही आत बसता तेव्हा दिसतं ते भूर्ज लाकडाच्या प्लायवुडचं वेगळं छत, पोलादी सांगाड्याला टांगलेलं. ते आणि काँक्रीटची कवचं यांच्या मध्ये मोठी पोकळी आहे. बंदरातल्या बोटींचे भोंगे आत येत नाहीत ते या दुहेरी बांधणीमुळे. आणि घुमण्याचा काळही बिघडलेला नव्हता, तो दोन सेकंदांच्या थोडा वरच होता. खटकत होतं ते निराळंच.

घुमणं म्हणजे शेपूट. आवाजाची स्पष्टता आणि जवळीक ठरते ती त्याआधी, पहिल्या ८० मिलिसेकंदांत पोचणाऱ्या परावर्तनांवर. थेट आवाजापाठोपाठ ती लगेच आली तर कान त्यांना वेगळं ऐकत नाही, मूळ आवाजातच मिसळून घेतो, आणि आवाज भरदार लागतो. ती बाजूंनी आली तर आपण आवाजाच्या मधोमध बसलोय असं वाटतं. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचा सुवर्ण हॉल फक्त १९ मीटर रुंद आहे. तिथे भिंती जवळ, म्हणून बाजूची परावर्तनं आपोआपच वेळेत येतात. सिडनीचा हॉल रुंद, बाजूच्या भिंती पसरत जाणाऱ्या, आणि छत रंगमंचापासून २५ मीटर उंच.

आता हिशेब करा. वादकाचा आवाज २५ मीटर वर जाऊन २५ मीटर खाली आला, म्हणजे ५० मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. वेळ १४६ मिलिसेकंद. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. तिच्या चौपटीतला एक स्वर १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे छतावरून स्वर परत येईपर्यंत वादक पुढच्या स्वरावर पोचलेला असतो. ही मदत नव्हे, अडथळा.

रंगमंचावर त्यामुळे काय होई? व्हायोलिनच्या पहिल्या बाकापासून डबल बासपर्यंत १८ मीटर धरा. थेट आवाजालाच ५२ मिलिसेकंद लागतात, आणि मध्ये माणसं, स्टँड, वाद्यं. अशा वेळी वादक एकमेकांना ऐकतात ते डोक्यावरच्या आणि बाजूच्या परावर्तनांतून. ती नसली की प्रत्येकजण संचालकाच्या काठीकडे बघून वाजवतो, शेजारच्याचं ऐकून नाही. मग तोल जमत नाही. पितळी वाद्यं जास्त जोरात जातात कारण त्यांना स्वतःचा आवाज परत मिळत नाही, आणि तंतुवाद्यं त्यांच्याखाली दबतात. श्रोत्यांना ते 'लांबून आल्यासारखं' आणि 'गढूळ' वाटतं. दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या.

डॅनिश ध्वनितज्ज्ञ विल्हेल्म लासेन जॉर्डन यांना हे बांधतानाच ठाऊक होतं. म्हणूनच रंगमंचावर ॲक्रिलिकची ती मोठी पारदर्शक कडी टांगली होती. तत्त्व बरोबर होतं, पण कड्याला मध्ये भोक आणि एकूण पृष्ठभाग थोडा. मंद्र स्वरांच्या लहरी काही मीटर लांब असतात. आपल्या आकारापेक्षा लहान वस्तूला त्या वळसा घालून पुढे जातात, परावर्तित होत नाहीत. कड्यांनी फक्त वरच्या स्वरांना थोडी चमक दिली, बाकीचं वरच गेलं.

खर्ज

कंपनसंख्या, हिशेब फार छान मांडलात. एक जोडतो. पहिली सार्वजनिक मैफल २९ सप्टेंबर १९७३ ची, चार्ल्स मॅकेरस संचालक, बिर्गिट निल्सन गायिका, सगळा कार्यक्रम वॅग्नरचा. राणी एलिझाबेथच्या हस्ते औपचारिक उद्घाटन त्यानंतर, २० ऑक्टोबरला. तोपर्यंत खर्च १० कोटी २० लाख डॉलर झाला होता. मूळ अंदाज ७० लाखांच्या आसपासचा, म्हणजे चौदापटींहून जास्त. तरी बहुतांश पैसा लॉटरीतून आला, ऑपेरा हाउसच्या नावाने मुद्दाम काढलेल्या.

रॉनल्ड शार्पचा ऑर्गन मात्र उद्घाटनाला नव्हता. तो १९७९ मध्ये पूर्ण झाला. १०,००० हून जास्त नळ्या, आणि कळ दाबल्यापासून झडप उघडेपर्यंतचा दुवा यांत्रिक पद्धतीचा. ऑर्गनमुळेच हॉलचं तापमान हा जोखमीचा विषय होतो. नळीतली हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि स्वर चढतो. तंतुवाद्यांचं लाकूड आणि तारा वेगळ्या दिशेने सरकतात. म्हणून वाद्यवृंद मंचावर असताना हॉल २२.५ अंश सेल्सियसला ठेवतात. गारव्यासाठी बंदरातलं समुद्राचं पाणी वापरतात, उद्घाटनापासूनच. त्याच्या नळ्या सुमारे ३५ किलोमीटरच्या आहेत.

वास्तुवेध

फार उपयुक्त. मध्येच एक उपप्रश्न, काँक्रीटकरांसाठी: फरशा. दहा लाखांहून जास्त टाइल इतक्या वक्र छतावर एकेक लावल्या का? आणि ५० वर्षं टिकल्या कशा?

काँक्रीटकर

एकेक लावल्या असत्या तर छताच्या उतारावर कधीच सरळ रेषा आली नसती. आकडा १०,५६,००६. स्वीडनच्या होगानेस कारखान्यात तीनेक वर्षं प्रयोग करून त्या बनवल्या. मातीत थोडा कुटलेला दगड घातलेला, आकार १२ सेंटीमीटर चौरस. दोन जाती: चकचकीत पांढरी आणि मंद दुधी. सगळ्याच चकचकीत असत्या तर उन्हात डोळे दिपले असते. म्हणून मधल्या भागात चकचकीत आणि कडेला मंद, त्यातून ती पिसाऱ्यासारखी नक्षी उमटते. जवळ गेलं की कळतं, लांबून नुसतं पांढरं वाटणारं छत खरं तर दोन रंगांचं आहे.

बसवणं जमिनीवर झालं. शेवरॉन, म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारख्या आकाराचा साचा, त्याला गोलाच्याच त्रिज्येचा वाक. त्यात टाइल पालथ्या मांडायच्या, चकाकती बाजू खाली. टाइलांमधल्या फटीत गरम केलेला प्राणिज सरस ओतायचा, म्हणजे मसाला पुढच्या बाजूला उतरत नाही. वर तारेची जाळी आणि सिमेंटचा मसाला. मग वाफेवर पकवायचं. वाफेने सरस वितळून निघून जातो आणि टाइलांच्या मध्ये स्वच्छ, आत बसलेली रेघ उरते. फार हुशारीची युक्ती आहे ही. असे तयार झालेले टाइलांचे तवे, ४,००० हून जास्त, क्रेनने वर नेऊन बरगड्यांना ब्राँझच्या बोल्टांनी जखडले. जागा मिलिमीटरमध्ये जुळवता यावी म्हणून बोल्टांना खेळ ठेवलेला. पुन्हा गोलाचाच फायदा: वाक सगळीकडे सारखा, म्हणून थोडक्याच साच्यांत काम भागलं.

बिघडतं काय, तर टाइल स्वतः नव्हे. ग्लेझ पावसाने धुऊन निघतं. बिघडू शकतात दोन गोष्टी. एक, दोन तव्यांमधल्या सांध्यातलं सीलंट उन्हाने कडक होतं आणि पाणी आत शिरू लागतं. दोन, टाइल मागच्या मसाल्यापासून सुटू लागते. वरून काही दिसत नाही, पण हलकं ठोकलं तर पोकळ आवाज येतो. म्हणून दोरावर लटकून माणसं टाइलवर टाइल ठोकत जातात आणि कानाने तपासतात. इतक्या मोठ्या इमारतीची तब्येत शेवटी टकटक ऐकूनच कळते.

कंपनसंख्या

चौथा प्रश्न राहिला. हॉल फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाला आणि २० जुलै २०२२ ला सिमोन यंग यांच्या संचालनाखाली माहलरच्या दुसऱ्या सिम्फनीने उघडला. वास्तुरचना एआरएम या कंपनीची, ध्वनी म्युलर-बीबीएम या कंपनीचा.

अट कडक होती. इमारत २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि पीटर हॉलचं अंतरंगही जपायचं ठरलेलं. भूर्जाचं छत काढायचं नाही, भिंती पुढे आणायच्या नाहीत. म्हणजे २५ मीटरची उंची तशीच राहणार. मग काय बदलायचं? आवाज तिथवर पोचण्याआधीच अडवायचा.

ॲक्रिलिकची कडी काढून त्यांच्या जागी पाकळीच्या आकाराचे १८ परावर्तक टांगले, खुर्च्यांच्याच किरमिजी रंगाचे. हे सलग आणि मोठे आहेत, म्हणून खालचे स्वरही परतवतात, आणि वाकवलेले असल्याने आवाज एका ठिकाणी न एकवटता पसरतो. यांत्रिक दोरांवर असल्याने कार्यक्रमाप्रमाणे वर-खाली करता येतात. परावर्तक १० मीटरवर आणला असं धरलं तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ५८ मिलिसेकंद. १४६ वरून ५८. तो आता वादकाचा मदतनीस झाला.

मंच ४० सेंटीमीटरने खाली घेतला. ऐकायला लहान वाटतं, पण पूर्वी पुढच्या रांगांना पहिल्या व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसायचे आणि मागचे वादक झाकले जायचे. शिवाय मंचावर आता आपोआप वर-खाली होणारे टप्पे आहेत. मागचे वादक चढत्या पायऱ्यांवर बसले की त्यांचा आवाज पुढच्यांच्या डोक्यावरून थेट श्रोत्यांपर्यंत जातो, पाठीत अडकत नाही.

बाजूच्या भिंतींवर आणि बॉक्सच्या (बाजूच्या स्वतंत्र बैठकांच्या) पुढच्या पट्ट्यांवर ब्रशबॉक्स लाकडाचे लाटेसारखे कोरलेले पॅनेल बसवले. सपाट लाकडी पृष्ठभागावरून आवाज आरशासारखा उडतो, टोचतो. कोरलेल्या लाटांवरून तो विखुरतो. बाजूचं परावर्तन मिळतं, पण त्याची धार जाते.

आणि एक दुर्लक्षित पण कामाची गोष्ट: पडदे. इथे लाउडस्पीकरवरचे कार्यक्रमही भरपूर होतात. स्पीकरला दोन सेकंदांचं घुमणं म्हणजे शत्रू, ताल सगळा चिखल होतो. आता बटणावर खाली येणारे जाड पडदे भिंती झाकून शोषण वाढवतात. सूत्रात भाजक वाढला, काळ घटला. दुसऱ्या दिवशी सिम्फनी असली की पडदे वर.

वास्तुवेध

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारतो: मागे, वाद्यवृंदाच्या पाठीशी ज्या खुर्च्या आहेत त्या स्वस्त असतात. ऐकायला घ्याव्यात का?

खर्ज

काय ऐकायचं त्यावर ठरवा. गाणं असेल तर नको. माणसाच्या आवाजातले वरचे स्वर, ज्यांनी शब्द कळतात, ते तोंडासमोर जातात. पाठीमागे फक्त गाभा येतो, शब्द नाहीत. पियानो असेल तरीही नको: त्याचं झाकण समोरच्या श्रोत्यांकडे उघडतं आणि चमक तिकडेच जाते. हॉर्नचं तोंड मात्र मागे वळलेलं असतं, त्यामुळे मागे बसणाऱ्याला हॉर्न अगदी अंगावर येतात आणि व्हायोलिन लांब पडतात.

पण निव्वळ वाद्यवृंदाचा मोठा कार्यक्रम असेल तर एकदा जरूर घ्या. संचालकाचा चेहरा समोर असतो. तो कुणाकडे बघतो, कुणाला डोळ्यांनी थांबवतो, कुणासाठी श्वास घेतो, हे पुढच्या महागड्या खुर्चीवरून कधीच दिसत नाही. शक्य तितकं मधल्या रेषेत बसा, आणि ढोलांच्या थेट मागची रांग टाळा.

कंपनसंख्या

सहमत. भर एवढीच की समोरच्या बाजूला बसायचं असेल तर वरच्या सज्जाखाली फार आत शिरू नका. सज्जा जितका खोल आणि बुटका, तितकं वरून येणारं घुमणं तुमच्यापर्यंत कमी पोचतं. डोकं वर केल्यावर पाकळ्या आणि छत दोन्ही दिसत असतील तर खुर्ची चांगली.